हेन्री व्हॅनडाइक कार्टर

हेन्री व्हॅनडाइक कार्टर (जन्म : हल, इंग्लंड, २२ मे १८३१, मृत्यू : स्कारबरो, इंग्लंड, ४ मे १८९७) हे इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ, वैद्यकीय चित्रकार आणि मुंबई इलाख्यात तीस वर्षे काम केलेले शल्यचिकित्सक होते. हेन्री ग्रे यांच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ या ग्रंथाच्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे त्यांनी काढली. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते शरीररचना व शरीरक्रिया या विषयांचे प्राध्यापक होते, पुढे ते तेथेच प्राचार्य झाले. मायसेटोमा, कुष्ठरोग व पुनरावर्ती ज्वर या रोगांवरील त्यांचे संशोधन मुख्यतः महाराष्ट्रातील रुग्णांवर आधारलेले आहे.

याच नावाशी मिळतेजुळते नाव असलेले हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) हेही मुंबईत शल्यचिकित्सक होते. त्यांनी पश्चिम भारताच्या भूविज्ञानावर आणि स्पंज या जलचरांवर लेखन केले. दोघेही एकाच काळात मुंबईत होते, दोघांनीही सूक्ष्मदर्शकाखाली कवके तपासली, त्यामुळे जुन्या नियतकालिकांतील ‘डॉ. कार्टर’ हा उल्लेख नेमका कोणाचा हे पाहूनच घ्यावे लागते.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

कार्टर यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे सागरदृश्यांसाठी प्रसिद्ध असलेले जलरंगचित्रकार होते. धाकटा भाऊ जोसेफ न्यूइंग्टन हाही चित्रकार झाला. सतराव्या शतकातील चित्रकार अँथनी व्हॅन डाइक याच्यावरून मुलाचे मधले नाव ठेवण्यात आले, यावरून घरातील वातावरणाची कल्पना येते. चित्रकलेचे शिक्षण त्यांना शाळेत नव्हे, घरातच मिळाले. कुटुंबाची मिळकत मात्र बेताची होती आणि चित्रांवर पोट भरणे किती अनिश्चित असते हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते.

१८४८ मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले. एका औषधविक्रेत्या वैद्याकडे उमेदवारी करीत असतानाच त्यांनी सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या विद्यालयात शिक्षण घेतले. नंतर काही काळ ते पॅरिसमध्ये होते. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेत रिचर्ड ओवेन व जॉन क्वेकेट यांच्या हाताखाली त्यांनी मानवी व तुलनात्मक शरीररचनेचा अभ्यास केला. क्वेकेट हे सूक्ष्मदर्शकाच्या कामातील नावाजलेले तज्ज्ञ होते. १८५६ मध्ये कार्टर यांना लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळाली. त्या काळात ते सेंट जॉर्जेसमध्ये शरीररचनेचे प्रयोगनिर्देशक होते.

या वर्षांत त्यांनी नियमित रोजनिशी लिहिली. ती आज लंडनच्या वेलकम ग्रंथालयात आहे. त्यांचे घराणे इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाचे होते. रोजनिशीत अभ्यासाच्या नोंदींइतक्याच स्वतःच्या श्रद्धेविषयीच्या, आळसाविषयीच्या आणि एकटेपणाविषयीच्या नोंदी आढळतात.

ग्रे यांच्याशी सहकार्य

सेंट जॉर्जेसमध्ये कार्टर यांची ओळख हेन्री ग्रे यांच्याशी झाली. ग्रे महत्त्वाकांक्षी, वरच्या वर्तुळात वावरणारे आणि झपाट्याने पुढे जाणारे होते. प्लीहेवरील ज्या निबंधासाठी ग्रे यांना १८५३ मध्ये अ‍ॅस्टली कूपर पारितोषिक मिळाले, त्यासाठीची चित्रे कार्टर यांनी काढली होती. निबंध ग्रंथरूपाने छापला गेला तेव्हा त्यात चित्रकाराचा नामोल्लेख नव्हता. तरीही १८५५ च्या अखेरीस ग्रे यांनी विद्यार्थ्यांसाठी एक नवे क्रमिक पुस्तक काढण्याची कल्पना मांडली, तेव्हा कार्टर यांनी चित्रांचे काम स्वीकारले.

पुढील सुमारे अठरा महिने दोघांनी मिळून शवविच्छेदन केले. या कामासाठी लागणारी शवे १८३२ च्या शरीररचना कायद्यानुसार मिळत. ज्यांच्यावर दावा सांगायला कोणी पुढे आले नाही अशा, प्रामुख्याने गरीबगृहांत व रुग्णालयांत मरण पावलेल्या माणसांची ती शवे होती. ग्रंथातील चित्रांमागे उभ्या असलेल्या या माणसांपैकी एकाचेही नाव कोठे नोंदलेले नाही.

चित्रे बारीक पोताच्या लाकडी ठोकळ्यांवर उलट्या बाजूने काढावी लागत. म्हणजे शरीराची उजवी बाजू ठोकळ्यावर डावीकडे. छापल्यानंतर ती सुलट दिसे. ठोकळ्यांवरील रेखाटने बटरवर्थ आणि हीथ या पेढीच्या कारागिरांनी कोरली. कार्टर यांनी वापरलेले ठोकळे ठरलेल्या पानाच्या मानाने मोठे होते. प्रकाशकाला त्यामुळे अडचण झाली, पण वाचकाचा फायदा झाला. त्या काळच्या क्रमिक पुस्तकांत चित्रे लहान असत आणि या पुस्तकात ती जवळजवळ पानभर पसरली.

मान व छातीच्या स्नायूंची चित्रे

कार्टर यांच्या पद्धतीचे महत्त्व समजून घेण्यासाठी मानेचा पुढचा भाग व छाती यांच्या स्नायूंची चित्रे पाहणे सोयीचे ठरते. शरीराच्या या भागात थोड्या जागेत अनेक स्नायू एकमेकांवर रचलेले असतात आणि त्यांच्यामधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका व बाहूकडे जाणाऱ्या तंत्रिका जातात. सुरी थोडी चुकली तर रुग्ण दगावतो. एकोणिसाव्या शतकात घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलाची श्वासनलिका उघडणे किंवा मानेतील मोठी धमनी बांधणे ही शस्त्रक्रिया शल्यचिकित्सकाला भूल व जंतुनाशक यांची पुरेशी साथ नसताना करावी लागे. पहिल्या आवृत्तीच्या नावातच वर्णनात्मक शरीररचनेला शस्त्रक्रियेची जोड दिली होती, ती याच गरजेपोटी.

त्वचेखाली सर्वांत वर प्लॅटिझ्मा हा कागदासारखा पातळ स्नायू असतो. छातीच्या वरच्या भागातून निघून तो गळपट्टीच्या हाडावरून जबड्यापर्यंत जातो. त्याच्या खाली स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड हा जाड, पट्ट्यासारखा स्नायू आहे. त्याचे एक मूळ उरोस्थीवर आणि दुसरे गळपट्टीच्या हाडाच्या आतल्या भागावर असते. दुसरे टोक कानामागील हाडाच्या उंचवट्याला चिकटते. एका बाजूचा स्नायू आखडला की डोके त्याच बाजूला झुकते आणि चेहरा विरुद्ध बाजूला वळतो. मान वळवताना आरशात जी तिरकी दोरी उठून दिसते ती हीच. हा स्नायू मानेच्या प्रत्येक बाजूचे पुढचा आणि मागचा असे दोन त्रिकोण करतो, आणि शल्यचिकित्सक मानेचा नकाशा या त्रिकोणांनीच ओळखतो. मध्यरेषेजवळ कंठास्थीच्या खाली चार फीतवजा स्नायूंच्या जोड्या असतात. त्यांपैकी ओमोहायॉइड हा स्नायू थेट खांद्याच्या पात्यापासून निघतो आणि मध्ये दोरीसारखा होऊन पुन्हा वर कंठास्थीकडे वळतो. नुसते वर्णन वाचून तो डोळ्यांसमोर उभा करणे कठीण आहे.

छातीवर पेक्टोरॅलिस मेजर हा पंख्यासारखा पसरलेला मोठा स्नायू आहे. गळपट्टीचे हाड, उरोस्थी आणि वरच्या फासळ्यांच्या कूर्चा येथून निघालेले त्याचे तंतू एकत्र येऊन दंडाच्या हाडाच्या वरच्या भागाला लागतात. तो बाजूला केला की खाली तिसऱ्या ते पाचव्या फासळीपासून निघून खांद्याच्या पात्याच्या चोचीसारख्या टोकाला जाणारा पेक्टोरॅलिस मायनर दिसतो, आणि काखेची पोकळी उघडी होते. कार्टर यांनी छाती व दंडाच्या पुढच्या भागाची दोन वेगळी चित्रे दिली. एकात वरचा थर आहे, दुसऱ्यात खालचा थर आणि काखेच्या सीमा. शवविच्छेदनात विद्यार्थी ज्या क्रमाने एकेक थर दूर करतो, तोच क्रम त्यांनी कागदावर आणला. मानेच्या समोरून काढलेल्या चित्रात चेहरा वर उचललेला आहे, त्यामुळे हनुवटीपासून गळपट्टीच्या हाडापर्यंतचा सगळा प्रदेश एका दृष्टिक्षेपात येतो.

खरी नवी गोष्ट नावे देण्यात होती. आधीच्या पुस्तकांत चित्रावर बारीक अक्षरे किंवा अंक असत आणि त्यांचा अर्थ खाली किंवा दुसऱ्या पानावर दिलेल्या यादीत शोधावा लागे. वाचकाची नजर चित्र आणि यादी यांच्यात सतत फिरत राही. कार्टर यांनी स्नायूचे नाव स्नायूवरच, त्याच्या लांबीच्या दिशेने लिहिले, जसे नकाशात नदीचे नाव नदीच्या प्रवाहाबरोबर लिहितात. अवयव आणि त्याचे नाव एकाच वेळी डोळ्यांत शिरू लागले. सौंदर्याचा सोस त्यांनी टाळला. जुन्या ग्रंथांत शव एखाद्या शिल्पासारखे उभे केलेले किंवा वस्त्रांनी सजवलेले असे, पण या चित्रांत तसे काही नाही आणि वेदनेचा किंवा मृत्यूचा भासही नाही.

भारतातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत विच्छेदनाची सुरुवात आजही बाहू व छातीपासून होते. त्यामुळे मुंबईच्या ग्रँट महाविद्यालयात असो की २०२४ मध्ये सुरू झालेल्या जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रथम भेटणाऱ्या स्नायूंपैकी पेक्टोरॅलिस मेजर हा एक असतो. तो ज्या पद्धतीच्या चित्रावरून ओळखायला शिकतो, ती पद्धत रूढ करण्यात कार्टर यांचा मोठा वाटा आहे.

श्रेयाचा प्रश्न

ग्रंथ ऑगस्ट १८५८ मध्ये जॉन डब्ल्यू. पार्कर आणि पुत्र या प्रकाशनसंस्थेने काढला. ७५० पाने आणि ३६३ चित्रे असलेल्या या पुस्तकाची किंमत २८ शिलिंग होती. ग्रे यांना विकल्या जाणाऱ्या दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळणार होते. कार्टर यांना एकरकमी १५० पौंड मिळाले आणि त्यानंतरच्या कोणत्याही आवृत्तीपासून काही मिळाले नाही.

मुखपृष्ठाच्या मुद्रितावर ग्रे यांनी स्वतःच्या हाताने केलेल्या दुरुस्त्या शिल्लक आहेत. मूळ जुळणीत दोघांची नावे जवळजवळ सारख्या आकारात होती. ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान अक्षरांत घेण्यास सांगितले आणि त्यांच्या नावापुढील मुंबईच्या प्राध्यापकपदाचा उल्लेख काटला. छापील पानावर कार्टर हे केवळ सेंट जॉर्जेसचे माजी प्रयोगनिर्देशक म्हणून आले. विच्छेदने दोघांनी मिळून केल्याची नोंद मात्र तेथे राहिली. ग्रे यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की मजकूर त्यांचा होता आणि पुस्तकाची कल्पनाही त्यांचीच होती. पण पुस्तक पहिल्या वर्षापासून खपले त्यात चित्रांचा वाटा किती मोठा होता हे तेव्हाच्या परीक्षणकारांनाही दिसले होते.

ग्रे १८६१ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी देवीच्या रोगाने मरण पावले. त्यानंतर इतरांनी संपादित केलेल्या आवृत्त्या त्यांच्याच नावाने निघत राहिल्या. २०२० मध्ये ४२वी आवृत्ती प्रसिद्ध झाली. सेंट जॉर्जेसच्या विच्छेदनगृहात १८६० मध्ये घेतलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात ग्रे पुढे बसलेले दिसतात. कार्टर त्यात नाहीत. त्या वेळी ते मुंबईत शिकवीत होते.

मुंबई व सातारा

पुस्तक छापून येण्यापूर्वीच कार्टर इंग्लंड सोडून निघाले होते. लंडनमध्ये बढतीची आशा नव्हती आणि स्वतःची प्रॅक्टिस थाटण्याइतका पैसाही नव्हता. १८५८ च्या आरंभी ते भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईस पोहोचले. उत्तर भारतात उठावाची धामधूम अजून सुरूच होती. थोडा काळ महू येथे लष्कराबरोबर राहिल्यावर त्यांची नेमणूक ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात झाली. १८४५ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयातून भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पदवीधर १८५१ मध्ये बाहेर पडले होते आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्यांचे ते पश्चिम भारतातील प्रमुख केंद्र बनले होते. कार्टर १८६३ पर्यंत तेथे शरीररचना व शरीरक्रिया शिकवीत होते. शेजारच्या जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयातही ते काम करीत.

१८५९ मध्ये मुंबईत झालेला त्यांचा पहिला विवाह सुखाचा ठरला नाही. पत्नीच्या आधीच्या विवाहामुळे त्याच्या वैधतेचाच प्रश्न उभा राहिला आणि दोघे वेगळे झाले. या संबंधातून त्यांना एक मुलगी होती.

१८६३ पासून सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. तेथील तुरुंगाची देखरेखही त्यांच्याकडे होती. इंग्लंडमध्ये त्यांच्या चित्रांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत होत्या, आणि चित्रकार मात्र एका जिल्ह्याच्या गावी रुग्ण तपासत, शवचिकित्सा करीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या ठेवून रेखाटने करीत होता.

रोगांवरील संशोधन

मुंबईत आल्यावर थोड्याच काळात त्यांचे लक्ष पायाच्या एका विलक्षण रोगाकडे गेले. दक्षिणेत मदुराई भागात आढळल्यामुळे त्याला मदुरा पाय म्हणत. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या पायात काटा मोडतो, जखम भरून येते, पण महिन्यांनी अथवा वर्षांनी तेथे गाठ उठते. पाय सुजून बेढब होतो आणि त्यावरील अनेक छिद्रांतून पू व बारीक दाणे बाहेर पडतात. रोग हाडापर्यंत पोहोचला की पाय कापण्याशिवाय उपाय नसे. कापलेल्या पायांचे विच्छेदन करून कार्टर यांनी दाण्यांची तपासणी केली आणि हा रोग कवकामुळे होतो असे १८६० मध्ये मांडले. ‘मायसेटोमा’ हे नाव त्यांनीच दिले. काळ्या दाण्यांचा आणि फिकट दाण्यांचा असे दोन प्रकारही त्यांनी वेगळे केले. फिकट दाण्यांचा रोग पुष्कळदा कवकामुळे नव्हे, तंतुरूप जीवाणूंमुळे होतो हे पुढे कळले, पण हा भेद उपचारासाठी आजही निर्णायक आहे. १८७४ मध्ये या विषयावरील त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतला तो २०१६ मध्ये.

कुष्ठरोगावरही त्यांनी दीर्घकाळ काम केले. या रोगात तंत्रिका कशा जाड होतात आणि बधिरपणा कसा येतो हे त्यांनी शवविच्छेदनातून दाखवले. आजही कुष्ठरोगाची तपासणी करताना डॉक्टर मानेच्या बाजूला स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइडवरून तिरकी जाणारी तंत्रिका जाड झाली आहे का हे पाहतात. १८७३ मध्ये ते नॉर्वेला गेले आणि बर्गेन येथे गेऱ्हार्ड हॅन्सन यांचे काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. रोग आनुवंशिक असून संसर्गजन्य नाही, असे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे तेव्हाचे मत होते. कार्टर यांनी ते नाकारले आणि भारतातही नॉर्वेप्रमाणे वसतिगृहे उभारून रुग्णांना वेगळे ठेवावे असा आग्रह धरला. रोगाच्या कारणाविषयी त्यांचे म्हणणे खरे ठरले. वेगळे ठेवण्याच्या धोरणाचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १८९८ मध्ये, आलेल्या कायद्याने निर्धन रुग्णांना पकडून आश्रमांत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि त्याचा जाच भिक्षेकऱ्यांना सर्वाधिक झाला.

१८७५ मध्ये परतल्यावर त्यांनी काठेवाडातील कुष्ठरोगाची पाहणी केली. नंतर मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयाचा कार्यभार त्यांच्याकडे आला, आणि त्यापाठोपाठ ग्रँट महाविद्यालयाचे प्राचार्यपद. हाच दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ होता. १८७६ ते १८७८ या वर्षांत उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि त्यांच्याबरोबर एक ज्वर पसरला. तो काही दिवस चढे, एकाएकी उतरे आणि आठवडाभराने पुन्हा येई. बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर यांनी अशा रुग्णांच्या रक्तात मळसूत्री जंतू पाहिले होते. कार्टर यांनी १८७७ मध्ये मुंबईच्या रुग्णांच्या रक्तात तसेच जंतू शोधून काढले, माकडांत रोग निर्माण करून पाहिला आणि १८८२ मध्ये ‘स्पिरिलम फीव्हर’ हा ग्रंथ लिहिला. या कामासाठी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्यांना स्टुअर्ट पारितोषिक दिले. भारतातील या जंतूला पुढे त्यांच्यावरून ‘कार्टेरी’ हे नाव मिळाले. हा ज्वर अंगावरच्या उवांमुळे पसरतो हे मात्र त्यांच्या हयातीनंतर, १९०७ मध्ये, नाशिक येथील साथीच्या अभ्यासातून एफ. पी. मॅकी यांनी दाखवले.

लाव्हेरान यांनी वर्णिलेले हिवतापाचे जंतू भारतीय रुग्णांच्या रक्तात पाहून त्याविषयी १८८७ मध्ये लिहिणाऱ्या अगदी सुरुवातीच्या संशोधकांत कार्टर यांचा समावेश होतो.

उत्तरायुष्य

१८८८ मध्ये कार्टर डेप्युटी सर्जन जनरल या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि स्कारबरोला परतले. १८९० मध्ये राणी व्हिक्टोरियाचे मानद शल्यचिकित्सक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी त्यांनी मेरी एलन रॉबिसन यांच्याशी विवाह केला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली. ४ मे १८९७ रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

विसाव्या शतकात बराच काळ त्यांचे नाव केवळ वैद्यकाच्या इतिहासकारांना ठाऊक होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रूथ रिचर्डसन यांच्या ग्रंथाने ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’च्या निर्मितीची कथा, मुखपृष्ठावरील दुरुस्त्यांसह, सविस्तर मांडली. बिल हेज या अमेरिकी लेखकाच्या ‘दि अ‍ॅनाटमिस्ट’ या पुस्तकासाठीही कार्टर यांच्या रोजनिशीचा मोठा आधार घेतला गेला. १८५८ च्या आवृत्तीची पुनर्मुद्रणे आजही निघतात, परंतु त्यांच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत बहुधा एकट्या ग्रे यांचेच नाव असते.